टॉवेल ओला करून तोला

दिवाळी उलटली की पुण्या-कोल्हापूरची सायकलवाली मंडळी कोकणच्या वाटेला लागतात. वरंधा नाहीतर ताम्हिणी उतरायचा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींत सायकली चढवून खाड्या ओलांडायच्या आणि समुद्राच्या कडेकडेनं मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. नव्यानं येणारे आपली सामानाची यादी मला दाखवतात. तंबू, टायर, दिवे यांचा पुष्कळ खल झालेला असतो. टॉवेलपुढे मात्र ‘मायक्रोफायबर, क्विक ड्राय’ एवढं लिहून विषय संपलेला. मी ते खोडते आणि तिथे ‘पंचे, दोन’ असं लिहिते. त्यावरून वाद होतो. होऊ दे, हा वाद घालण्यासारखा आहे.

मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले आणि पुढे सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत सुताचा काउंट, ताकद आणि ओल मोजण्यात माझी नोकरी झाली. त्यामुळे एखादं कापड ‘पटकन वाळतं’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठल्या हवेत? आणि हातानं पिळल्यावर त्यात पाणी किती उरतं? पाकिटावर या दोन्हींचं उत्तर नसतं. तिथे कोरड्या टॉवेलचं वजन छापलेलं असतं. सकाळी अंघोळ उरकून लगेच निघायचं म्हटल्यावर सायकलवर चढतो तो ओला टॉवेल. पुढच्या चढाला मांड्यांवर येतं ते त्याचं ओलं वजन.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. पाणी कापसाच्या सुतात असो की मायक्रोफायबरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, बारीक तंतूंमधल्या फटींत, हा हिशेब जवळपास सारखाच राहतो. ही उष्णता आजूबाजूच्या हवेतून यायची आणि झालेली वाफ त्याच हवेनं उचलायची. तेव्हा कापडात मुळात पाणी कमी असेल आणि वारा त्याच्या आरपार जात असेल, तर ते लवकर वाळतं. पंच्याची वीण ढिली असते. उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. घट्ट पिळला तर मुठीत मावतो. घरच्या जाड टर्किश टॉवेलला पीळ घालायला दोन माणसं लागतात, आणि तरी तो ठिबकतोच.

आकडे बघा. टॉवेलच्या धंद्यात कापड जीएसएमवर मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. पाऊण मीटर रुंद आणि दीड मीटर लांब टॉवेल धरा. ५०० जीएसएमचा टर्किश असेल तर तो कोरडाच साडेपाचशे ग्रॅमच्या वर जातो. २०० जीएसएमचा मायक्रोफायबर सव्वादोनशे ग्रॅम. आणि शंभराच्या आसपासचा पंचा सव्वाशेच्याही आत. मग मायक्रोफायबर हलका म्हणून कसा खपतो? बरेचदा तो आखूड असतो. ६० बाय १२० सेंटीमीटरचा तुकडा केला की तोच टॉवेल १४४ ग्रॅमवर येतो आणि पाकिटावर शोभून दिसतो. उघड्यावर कपडे बदलायची वेळ आलेल्या बाईला तो तुकडा पुरत नाही. आमच्या गटात मुली असतात, त्यांच्यासाठी टॉवेल हा आडोसाही असतो.

कापसाची उणी बाजू मी लपवणार नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस ‘कोरडा’ असतानाही आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पावसाळी हवेत कापसाचं हे प्रमाण दुपटीपर्यंत जातं. पण शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पंच्यात ही ओल म्हणजे दहा ग्रॅम, फार तर वीस. तेवढ्यासाठी आपण कापूस सोडायचा का? हिवाळ्यात, उन्हाळ्यात माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. जुलैत आंबोलीच्या धुक्यात तंबू ठोकणार असाल तर मात्र मायक्रोफायबर घ्या. त्या हवेत सुती कापड हाताला कोरडं असं कधी लागतच नाही, आणि रोज संध्याकाळी दमट फडक्यानं अंग पुसणं मनाला खचवतं. लडाखला निघालेल्यांनी तर हा विचारच करू नये. तिथल्या कोरड्या हवेत आणि कडक उन्हात दोन्ही वाळतात.

अंगाला लागताना काय होतं, हे यादीत लिहून येत नाही. कातड्यासारखा गुळगुळीत मायक्रोफायबर ओल्या अंगाला चिकटतो, त्यानं टिपत टिपत पुसावं लागतं. दिवसभर सायकल चालवून हाताला भेगा पडल्या असतील तर त्याचे तंतू त्यांत अडकतात, आणि तो स्पर्श मला अजिबात सहन होत नाही. शिवाय पॉलिएस्टर पाणी धरत नसलं तरी अंगाचं तेल घट्ट धरून ठेवतं. त्यावर जिवाणू पोसतात आणि दोन-तीन मुक्कामांत असा वास सुटतो, जो नुसत्या पाण्यानं जात नाही. मऊपणासाठी धुताना त्याला कंडिशनर लावला तर तंतूंवर थर बसून पाणी शोषणंही मंदावतं. पंचा दगडावर आपटून साबणानं धुता येतो, उकळत्या पाण्यात टाकता येतो.

लांब केसांचा प्रश्न पुरुष लेखकांना सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ओले केस घेऊन हेल्मेट घातलं की संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. न्हाल्यावर आई केसांना पंचा गुंडाळून मागे पीळ देऊन बांधायची आणि कामाला लागायची. चहा-पोहे होईतो पंचा निम्मं पाणी ओढून घेतो. मग तो सोडून दुसऱ्यानं केस झटकायचे. दोन पंचे मी याचसाठी लिहिते. दुसऱ्याचा आणखी एक उपयोग म्हणजे रात्री धुतलेली सायकलची चड्डी. ती कोरड्या पंच्यात गुंडाळून दोन्ही टोकांनी कचकचून पिळायची. जाड पॅडमधलं पाणी पंच्यात येतं, आणि सकाळी ती घालण्याजोगी होते. पंढरपूरच्या रस्त्याला दुपारी ऊन चढलं की तोच ओला पंचा मानेवर घ्यायचा. ग्रॅममागे त्या ५८० कॅलरी तेव्हा बऱ्याचशा आपल्या मानेतूनच जातात.

मायक्रोफायबरचा हातरुमालाएवढा तुकडा मी जवळ ठेवते, तंबूच्या आतलं दहिवर पुसायला. कापड घट्ट ताणलेलं असताना ते पाणी टिपायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण हा कृत्रिम टॉवेल रोज नदीवर, विहिरीवर धुवायला माझा जीव धजत नाही. प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे सुटतात, आणि प्लास्टिकचे ते तंतू ओढ्यातून खाडीत जातात. ज्या वाडीत आपल्याला अंघोळीला पाणी दिलं, तिथल्या पाण्यात हे सोडून यायचं नाही, एवढी तर आपली जबाबदारी आहे.

माझी खरी तक्रार मात्र आपल्याच कापडवाल्यांकडे आहे, आणि ती माहेरच्या हक्कानं करते. सोलापूरच्या टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. इचलकरंजीत सूत आहे, माग आहेत, हात आहेत. असं असताना चांगला पंचा मागितला तर दुकानदार गठ्ठ्यातून एक ओढून देतो. त्यावर ना लांबी-रुंदी, ना वजन, ना त्यात पॉलिएस्टर मिसळलंय का याचा पत्ता. प्रवासाला निघालेल्या विशी-तिशीच्या मुलामुलींना आकडे बघून वस्तू घ्यायची सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे. त्यांना हे आकडे फक्त परदेशी पद्धतीच्या पाकिटावरच दिसतात, म्हणून ते तिकडे वळतात. पंच्यावर एक पट्टी शिवा. धागा कुठला, लांबी-रुंदी किती, जीएसएम किती, आणि पिळल्यावर वजन किती. टांगायला एका कोपऱ्याला नाडी लावा. थोडी रुंद, साठ-सत्तर रुपये महाग अशी प्रवासाची जात वेगळी विणा. आमच्यासारखे लोक ती आनंदानं घेतील, आणि मागावर बसणाऱ्याच्या मजुरीतही त्यातले काही पडावेत असा आग्रह आम्ही धरू.

तोवर स्वतः तोलून बघा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. टॉवेल कोरडा तोला, भिजवून जितका जमेल तितका पिळा आणि पुन्हा तोला. मग रात्रभर खिडकी लावलेल्या न्हाणीघरात टांगून सकाळी तिसऱ्यांदा तोला. सकाळी अंघोळ करून लगेच निघणार असाल तर दुसऱ्या आकड्यातून, आणि आदल्या संध्याकाळी केली असेल तर तिसऱ्यातून पहिला वजा केला की उरेल ते पाणी तुम्ही घाटात वाहणार आहात. नव्या पंच्यावर ही परीक्षा लगेच घेऊ नका. सुताला लावलेली खळ त्यात असते, ती पाणी आत शिरू देत नाही आणि पंचा नावाला टॉवेल उरतो. रात्रभर भिजत घालून गरम पाण्यात तीन-चारदा धुवा, मगच काट्यावर ठेवा. आणि रस्त्यावर वाळवताना तो मागच्या कॅरिअरवर दोन्ही टोकं रबरी दोरीखाली दाबून पसरा. सुटलेलं टोक चाकात किंवा गिअरच्या साखळीत गेलं तर उतारावर माणूस पडतो.