बोलण्याची शिकवणी आणि तासांचा हिशेब

पंधरा-वीस वर्षांपूर्वी जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात ‘स्पोकन इंग्लिश’चा क्लास शोधायचा, तर भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती वाचल्या की काम भागत असे. ज्यांना क्लास परवडत नसे, ते ‘रॅपिडेक्स’चे जाडजूड पुस्तक विकत घेत. आता ही बाजारपेठ भिंतीवरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली आहे. इंग्रजी संभाषणाचे वर्ग तर आहेतच. त्यांच्या जोडीला फ्रेंचच्या खासगी ऑनलाइन शिकवण्याही आल्या आहेत. शिक्षिका पुण्यात आणि विद्यार्थी अमळनेरला किंवा शिरपूरला, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. हा बदल स्वागतार्हच आहे. पण अंतर मिटले म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. किती तासांत किती भाषा येते, हा साधा हिशेब शिकवणारा बहुधा मांडत नाही आणि शिकणारा बहुधा मागत नाही. या व्यवहारातील खरी फसगत तेथेच आहे.

परकीय भाषा शिकणे ही खानदेशासाठी दीर्घकाळ गाव सोडण्याची गोष्ट होती. पुण्याला जाऊन फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत फ्रेंच, जर्मन वा रशियन शिकायचे, नाही तर मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये नाव घालायचे, हेच मार्ग होते. जळगावहून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरहून अधिक. ज्या घरात मुलाला पुण्यात ठेवणे शक्य नव्हते आणि मुलीला पाठवण्याची मनाची तयारी नव्हती, त्या घरापुरता हा विषय तेथेच संपत असे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, मार्च २०२० मधील टाळेबंदीने पडद्यावरचा वर्ग सवयीचा केला, आणि ही भिंत कोसळली. त्याचा सर्वाधिक लाभ जर कोणाला झाला असेल, तर तो घराबाहेर पाऊल टाकणे ज्यांना अवघड होते त्या मुलींना. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

फ्रेंचच का, याचे उत्तर भाषाप्रेमात कमी आणि परदेशांच्या धोरणांत अधिक आहे. कॅनडाने २०२३ पासून स्थायी निवासाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ योजनेत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्या सुरू केल्या. २८ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वसाधारण फेरीत निवडीची किमान रेषा ५३४ गुणांची होती. दुसऱ्याच दिवशी झालेल्या फ्रेंच भाषकांच्या फेरीत ती ३३६ वर होती. जवळजवळ दोनशे गुणांची ही तफावत ज्याने पाहिली, त्याला फ्रेंचचा क्लास हा व्हिसाच्या खर्चाचाच एक भाग वाटला तर नवल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने २०२५ साठीचे एकूण स्थायी निवासींचे लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले. मात्र क्वेबेकबाहेर वसणाऱ्या फ्रेंच भाषकांचा वाटा ८.५ टक्के ठेवून तो पुढे वाढवण्याचे जाहीर केले. म्हणजे इतर दारे अरुंद होत असताना फ्रेंचचे दार रुंद राहिले. फ्रान्सनेही २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे उद्दिष्ट जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. मागणीचे मूळ हे आहे. अर्थात, अशा योजना त्या त्या देशाच्या सोयीने चालतात आणि सोयीनेच बदलतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

इंग्रजी संभाषणाच्या शिकवणीची कथा याहून वेगळी आणि अधिक बोचरी आहे. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्यावेळी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून पुढे गेली आहेत. दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकूनही मुलाखतीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत, म्हणून त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना पुन्हा पैसे मोजून बोलणे शिकावे लागते. ‘असर’च्या २०२३ च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांनाच इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. ही वाचनाची स्थिती. बोलण्याची तर परीक्षाच कोणी गांभीर्याने घेत नाही.

याचे कारण शोधण्यास मोठ्या संशोधनाची गरज नाही. वर्गात ६० मुले आणि तास ३५ मिनिटांचा, असे धरले तर शिक्षकाने तोंड मिटून ठेवले तरीही प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी ३५ सेकंद येतात. भाषा ऐकून-बोलून येते, आणि शाळेत ती फळ्यावरून वहीत उतरवली जाते. यात शिक्षकांचा दोष कमी, व्यवस्थेचा अधिक. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून राज्य ढवळून निघाले. १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय २९ जून रोजी मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिसरी भाषा कोणती आणि केव्हा, यावर एवढे रण माजले. पण पंचवीस वर्षे शिकवलेली दुसरी भाषा मुलांच्या ओठांवर का आली नाही, हा प्रश्न त्या गदारोळात कोणीच विचारला नाही.

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा असल्याचे सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी नोंदवले. अहिराणी बोलणारे, परंतु मराठी नोंदवणारे आणखी कितीतरी असतील. लेवा गणबोली, भिलीच्या विविध बोली हेही याच मातीतले. घरी अहिराणी बोलणारे मूल शाळेत प्रथम प्रमाण मराठीपाशी अडखळते. ‘असे बोलू नये’ ही सूचना ते तेथेच पहिल्यांदा ऐकते. इंग्रजी बोलताना वाटणारा संकोच हा पुष्कळदा त्या जुन्या संकोचाचाच पुढचा अंक असतो. ज्या मुलाची पहिली बोली हसण्यावारी नेली गेली, ते तिसऱ्या भाषेत चुकण्याचे धैर्य कोठून आणणार? आणि चुकण्याचे धैर्य नसेल तर बोलणे येत नाही. संभाषणाचा चांगला शिक्षक व्याकरणाआधी हा संकोच उतरवतो. तो ज्यांना उतरवता येतो, अशा शिक्षिका जळगाव-धुळ्यातही आहेत, आणि ऑनलाइन वर्गामुळे आता त्यांना नाशिक-पुण्याचेही विद्यार्थी मिळू शकतात, ही या बदलाची दुसरी चांगली बाजू.

आता हिशेबाकडे वळू. युरोपात भाषेची पातळी ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात आणि जगभर तीच मोजणी चालते. केंब्रिजच्या परीक्षा विभागाच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-१ पर्यंत, म्हणजे नित्याचे व्यवहार स्वतंत्रपणे निभावण्याइतके इंग्रजी येण्यास, मार्गदर्शनाखालील ३५० ते ४०० तास लागतात. बी-२ साठी ५०० ते ६००. अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना फ्रेंच शिकवण्यास सुमारे ३० आठवड्यांचा पूर्णवेळ अभ्यास धरते, आणि ते अधिकारी इंग्रजी भाषक असतात. ‘तीस दिवसांत अस्खलित’ ही जाहिरात या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. रोज एक तास धरला तरी ते तीस तास होतात. आठवड्याला तीन तास शिकणाऱ्याला ४०० तास गाठण्यास अडीच वर्षे लागतील. कॅनडाच्या फ्रेंच फेरीला लागणारी पातळी साधारण बी-२ ची आहे, तेथे जवळपास चार वर्षे. स्वतःचा सराव, ऐकणे, वाचणे वाढवले तर हा काळ घटतो. जाहिरातीने घटत नाही. इंग्रजी संभाषणाचा विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करत नसतो, त्यामुळे त्याला वेळ कमी लागेल हे खरे. पण त्याला हवे असते ते बोलण्याचे तास, ऐकण्याचे नव्हेत.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, माझ्या पाल्याच्या वाट्याला प्रत्यक्ष बोलण्याची किती मिनिटे येतील? तीस जणांच्या एक तासाच्या ऑनलाइन वर्गात ती फार तर दोन मिनिटे येतात; म्हणजे शाळेतील गर्दीच पुन्हा फी भरून विकत घेण्यासारखे आहे. दोघा-चौघांचा वर्ग महाग दिसतो, पण बोलण्याच्या मिनिटांवर भाव काढला तर तो बहुधा स्वस्त पडतो. दुसरी, चूक कोण आणि कशी दाखवणार? ध्वनिमुद्रित पाठ आणि संगणकाशी संवाद यांचा सरावाला उपयोग आहे, परंतु विद्यार्थी नेमका कोठे अडतो हे ओळखणारा माणूस लागतोच. मराठी जाणणाऱ्या फ्रेंच शिक्षिकेचे महत्त्व येथे आहे. फ्रेंचमधील ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा भेद किंवा निर्जीव वस्तूंनाही असणारे लिंग इंग्रजीतून समजावणे कठीण, मराठी मुलाला ते एका वाक्यात कळते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मोजमाप कोण करणार? क्लासने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र ही शोभेची वस्तू आहे. फ्रेंचसाठी डेल्फ ही परीक्षा आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ५०, आणि कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी गुण चालत नाहीत. हे प्रमाणपत्र आजन्म वैध असते. कॅनडासाठी मात्र टीईएफ किंवा टीसीएफ या वेगळ्या परीक्षा लागतात आणि त्यांचे गुण दोनच वर्षे चालतात. डेल्फच्या नावावर कॅनडाचे स्वप्न विकले जात असेल, तर तेथेच थांबावे. इंग्रजीसाठी आयईएलटीएससारख्या परीक्षेत ११ ते १४ मिनिटांची समोरासमोर मुलाखत असते. परीक्षेला बसायचे नसले तरी तिच्या नमुन्यावर दर तीन महिन्यांनी पारखून घ्यायला काय हरकत आहे?

पैशाचा मुद्दाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वर्षाची फी आगाऊ, तीही कर्जाच्या हप्त्यांवर, भरण्याची प्रथा ऑनलाइन शिक्षणाने रूढ केली. जुलै २०२४ मध्ये ‘बायजूज’सारखी बलाढ्य कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा आगाऊ भरलेल्या पैशाचे काय होऊ शकते हे देशाने पाहिले. महिन्याची फी महिन्याला, हा जुन्या शिकवणीचा रिवाजच शहाणपणाचा. फसवणूक झालीच तर ग्राहक हतबल नाही. खासगी शिकवणी वर्गांना शिक्षणसंस्था म्हणून ग्राहक कायद्यातून सूट नाही, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे क्लास बंगळुरूचा असला तरी तक्रार धुळ्यात चालते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी खास मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पन्नासहून कमी विद्यार्थ्यांचे वर्ग मात्र त्यांच्या व्याख्येबाहेर राहतात, आणि भाषेच्या बहुसंख्य शिकवण्या नेमक्या याच आकाराच्या असतात. त्यामुळे पालकांची सावधगिरी हाच तूर्त पहिला पहारा.

तथापि सारा भार पालकांवर टाकून शासनाला हात झटकता येणार नाहीत. बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन प्रांताला १० हजार कुशल कामगार पुरवण्याचा करार राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, तेव्हा जर्मन शिकवण्याची जबाबदारी शासनाने स्वतः उचलण्याचे ठरवले. परदेशी भाषा हे सार्वजनिक काम असू शकते, हे तत्त्व त्यातून मान्य झालेच आहे. मग जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने आणि त्याच्या महाविद्यालयांनी सायंकाळचे संभाषण वर्ग का चालवू नयेत? प्रयोगशाळेसाठी जशा विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडतात, तशा बोलण्यासाठी पाडाव्यात. वर्षातून दोनदा तोंडी पातळी-चाचणी घ्यावी आणि ती बाहेरच्या उमेदवारांनाही खुली ठेवावी. शिकवणी कोणाकडेही घ्यावी, मोजमाप मात्र विश्वासू हाती असावे. एवढे झाले तरी या बाजारातील खरे आणि खोटे आपोआप वेगळे होईल.

या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने आपल्या बोलीत बोलण्याचा कधी संकोच केला नाही. तिच्या मुलुखातील मुलांना दुसऱ्याची भाषा शिकताना आपल्या बोलीची लाज वाटू नये आणि शिकवणीच्या नावाखाली कोणी त्यांना लुबाडू नये, एवढी अपेक्षा त्या नावाकडून ठेवणे गैर ठरू नये.