चढउताराचीं गणितें व शब्दांची शिकार

शाळांतून चढउताराचीं गणितें शिकविण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती मुलांच्या बुद्धीस मारक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. 'चढला' दिसलें कीं मिळवावें, 'उतरला' दिसलें कीं वजा करावें, ही ती रीत. एक पाणबुडी समुद्रसपाटीखालीं 40 मीटर होती. ती 25 मीटर वर आली, तर आतां कोठें आहे? मुलगा 'वर' हा शब्द हेरतो आणि 65 लिहून मोकळा होतो. म्हणजे पाणबुडी एक तर अधिक बुडाली, नाहीं तर आकाशांत उडाली! कैफियत न वाचतां केवळ दाव्याचा मथळा पाहून निकाल देणाऱ्या न्यायाधीशास आपण काय म्हणूं?

हाच प्रश्न पेढीवर विचारून पाहा. 40 रुपये देणें होतें, 25 फेडले. देणें किती राहिलें? निरक्षर गिऱ्हाईकही 15 सांगेल. समुद्रसपाटी तें शून्य, खालचें ऋण, वरचें धन, इतकेंच काय तें रहस्य. ब्रह्मगुप्तानें इ. स. 628 मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्तां'त धन, ऋण व शून्य यांचे नियम सांगून ठेविले आहेत. त्याच देशांतील मुलानें ऋणसंख्येपुढें थिजावें, ही शरमेची गोष्ट होय.

खरी मेख फरकाच्या प्रश्नांत आहे. मृत समुद्राचा पृष्ठभाग समुद्रसपाटीखालीं सुमारें 430 मीटर, तर जवळचें यरुशलेम शहर सपाटीवर सुमारें 750 मीटर. उंचींतील फरक विचारला असतां घोकंपट्टीचा विद्यार्थी 320 सांगतो. वस्तुतः शून्यापर्यंतच 430 चढावयाचे, पुढें आणखी 750; एकूण 1180. येथें वजाबाकी आहे खरी, पण ती ऋणाची. आणि कर्ज माफ झालें म्हणजे पदरीं भरच पडते, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

उपाय खर्चाचा नाहीं. आंकड्यांस हात लावण्यापूर्वीं मुलानें एक उभी रेघ ओढून तींत शून्य मांडावें व प्रश्नांतील माणूस अगोदर कोठें उभा आहे, हें तेथें दाखवावें. रेल्वेस्थानकांच्या पिंवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. 1863 सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गानें जातांना कर्जतची व लोणावळ्याची पाटी मुलांस वाचावयास सांगावी, आणि गाडी किती चढली तें विचारावें. परीक्षकांनींही उत्तराइतकेच गुण त्या रेघेस ठेवावेत. गुण नसतील तोंवर ती कोणी ओढणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.