चित्रें चौघांची, भिंत एक

दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतें, आणि तें पाहावयास घरोघरची लहानथोर मंडळी मोठ्या हौसेनें जाते. परंतु त्याच जिल्ह्यांतील एखाद्या मुलानें ‘आमच्या चित्रांचें प्रदर्शन आहे, याल ना?’ असें विचारिलें, तर तीच मंडळी किंचित् संकोचते. चित्रांतलें आपणांस काय कळतें, हा एक संकोच. आणि या विद्येनें पुढें पोट भरेल काय, ही त्यामागची खरी चिंता. ती अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र अशा प्रदर्शनांत विद्यार्थी काय शिकतो, हें वडीलधाऱ्यांनीं एकदां नीट पाहावें, असें आम्हांस वाटतें.

वसमत तालुक्यांतून कलाशिक्षणासाठीं छत्रपति संभाजीनगरास गेलेल्या एका तरुणाशीं नुकतेंच आमचें बोलणें झालें. सुटींत औंढ्यास जाऊन नागनाथाच्या देवळावरील मूर्तींचीं रेखाटनें करावयाचीं, हा त्याचा पहिल्यापासूनचा परिपाठ. हात चांगला वळला होता. शिक्षकही संतुष्ट होते. पुढें चौघां मित्रांनीं वर्गणी काढून एका शाळेच्या सभागृहांत आपलीं चित्रें मांडलीं, तेव्हां दुसरें शिक्षण सुरू झालें.

खोलींत एकटें असतां उठून दिसणारें त्याचें फिकट जलरंगांतील नदीचें चित्र, शेजारीं मित्राचा तांबडाभडक पळस येतांच पार निस्तेज झालें. दोघांत थोडी कुरबूर झाली. शेवटीं मित्रानेंच आपलें चित्र उचलून पलीकडच्या भिंतीवर नेलें. खिडकीचा उजेड कांचेवर पडून निम्मीं चित्रें दिसेनात, म्हणून रात्रीं सारी मांडणी पुन्हां केली. चित्राचा मध्य पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या उंचीवर यावा, दोन चौकटींत श्वास घेण्यापुरती जागा असावी, या गोष्टी पुस्तकांत असतात. पण हातांत खिळा व दोरी आल्याखेरीज त्या अंगीं मुरत नाहींत.

सर्वांत मोठा धडा दिला तो एका शेतकऱ्यानें. बैलजोडीच्या चित्रापुढें बराच वेळ उभा राहून तो म्हणाला, ‘बैल झकास आहेत, पण जूं वशिंडाच्या मागें कसें गेलें? अशानें हे ओढतील कसे?’ हा दोष कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता. तरुणानें ओशाळून त्याचे आभार मानले आणि घरीं जाऊन चित्र दुरुस्त केलें. हिशेब मात्र गोड नव्हता: दोन चित्रें विकलीं गेलीं, आणि त्यांत चौकटींचाही खर्च निघाला नाहीं. तूट चौघांत वांटली गेली म्हणूनच ती सोसली.

एकमेकांच्या आधारानें लोकांपुढें येण्याची ही रीत नवी नाहीं. १९४७ सालीं मुंबईंत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या सहा जणांनीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापिला. आरांनीं घरकामाची नोकरी केलेली. हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले हरि अंबादास गाडे विज्ञानाचे पदवीधर. आणि बाकरे मूर्तिकार. १९४९ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेंत त्यांचें समूहप्रदर्शन झालें. मंडळ फार वर्षें टिकलें नाहीं. सहांची तऱ्हा सहा प्रकारची होती, आणि पुढें प्रत्येकानें आपली वाट धरली; परंतु पहिलें पाऊल त्यांनीं मिळून टाकिलें. १९५२ सालीं उघडलेल्या जहांगीर कलादालनांत आज जागा मिळण्यास वर्षानुवर्षें थांबावें लागतें. मराठवाड्यांतील विद्यार्थ्यानें तोंवर चित्रें पेटींत ठेवावयाचीं काय?

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. आपल्या गांवीं असें प्रदर्शन भरलें, तर सहकुटुंब जावें. मुलांना व आजीलाही न्यावें. कळत नाहीं म्हणून गप्प राहूं नये. जें खटकलें, जें आवडलें, तें अभिप्रायाच्या वहींत स्वच्छ शब्दांत लिहावें. घरांतील मुलगा किंवा मुलगी हा मार्ग धरूं म्हणेल, तर हिशेब अवश्य विचारावा, पण केवळ पहिल्या हिशेबावरून निकाल देऊं नये. आणि शक्य असेल त्यानें दिवाणखान्यांतील जुनें कॅलेंडर उतरवून तेथें एखादें लहानसें चित्र विकत घेऊन लावावें. चौघांच्या वांट्याची तूट तेवढीच हलकी होईल.