हात फुटले म्हणजे रोग जडला काय?

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या कित्येक माताभगिनींचे हात लाल होतात, आग होते, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात. मग कामाच्या घरून ऐकावे लागते, "तुला खरूज झाली, उद्यापासून येऊ नकोस." पोटावर पाय येतो तो असा. म्हणून या दुखण्याचे खरे कारण प्रत्येकाने समजून घ्यावे.

कातडीचा सर्वांत वरचा थर ही मृत पेशींची भिंत आहे. पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य म्हणजे माल. साबण, सोडा, भांड्यांची पावडर हा माल धुऊन नेतात. हात तासन्‌तास पाण्यात राहिले तरी भिंत सैल होते. ओले सिमेंट तर फारच जहाल. गवंडी-बिगारी बांधवांचे हातपायही त्यानेच फुटतात.

भिंत फुटली की खालच्या जिवंत पेशींना इजा पोहोचते. त्यांच्यात इंटरल्युकिन-१ नावाचे द्रव्य साठवलेले असते. ते बाहेर पडते आणि शरीराच्या रक्षक पेशींना हाक जाते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, सूज व आग ही त्या धावपळीची खूण होय. ॲलर्जी ठराविक माणसांनाच होते. हे दुखणे मात्र पुरेसा मारा झाला तर कोणालाही होऊ शकते.

म्हणजेच ही कामाने झालेली इजा आहे. ती अस्वच्छतेमुळे होत नाही आणि स्पर्शाने दुसऱ्याला लागत नाही. घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर मात्र खरूज असू शकते.

उपाय साधे आहेत. रबरी हातमोजे घाला, आत सुती मोजे असल्यास उत्तम. काम संपताच हात स्वच्छ पाण्याने धुऊन बेचक्यांपर्यंत कोरडे करा आणि व्हॅसलीन लावा. अंगठीखाली साबण साचतो, म्हणून कामाच्या वेळी ती काढून ठेवा. लिंबू, रॉकेल चोळू नका. दुकानदाराने दिलेले मलम मनाने लावू नका. वरून बरे दिसले तरी भिंत पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा काळजी मध्येच सोडू नका. पू झाला किंवा भेगा भरेनात, तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा.

आणि भगिनींनो, कामाच्या घरी हातमोजे मागताना संकोच करू नका. ज्यांची भांडी घासून हात फुटतात, त्यांनी एवढा खर्च सोसलाच पाहिजे.