गृहविज्ञान : वूफरची घरघर

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या पुतण्यानें पहिल्या पगारांतून गाणीं ऐकण्याचें नवें यंत्र घरीं आणिलें : दोन लहान कर्णे आणि खर्जाच्या स्वरांसाठीं एक पेटीवजा वूफर. आमचे वडील बंधु दादा यांना पहांटेचीं भजनें नीट ऐकूं यावींत, हा त्याचा हेतु. परंतु दुसऱ्याच दिवशीं दादा म्हणाले, “तंबोरा बिघडलेला आहे, मला हें ऐकवत नाहीं,” आणि उठून गेले. मुलाचें तोंड उतरलें. घरांतील एक पक्ष यंत्राला दोष देऊं लागला, दुसरा दादांच्या कानांना.

वस्तुतः दोष दोघांचाहि नव्हता. गाणें थांबविल्यावरहि वूफरमधून ‘घूंऽऽ’ असा अखंड नाद येतच होता. आपल्याकडे घरोघरीं येणारी वीज सेकंदाला ५० आंदोलनें करिते. हींच आंदोलनें, किंवा त्यांच्या दुपटीचीं १००, कर्ण्यांत शिरलीं म्हणजे असा नाद उत्पन्न होतो. आणि वूफर खालच्या स्वरांसाठींच घडविलेला असल्यामुळें त्यांतून तो विशेष स्पष्ट ऐकूं येतो.

कारण शोधण्यास न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाची रीत पुरेशी आहे : जें असतां दोष असतो व जें नसतां नसतो, तें त्याचें कारण. प्रथम यंत्र बंद करून वूफरला गाणें पोंचविणारी तार काढावी व पुन्हां वूफर चालू करावा. नाद तसाच राहिला, तर व्याधि वूफरच्या पोटांत आहे. विजेच्या लाटा सपाट करणारे कपॅसिटर जुने होऊन सुकले म्हणजे असें होतें. हें काम जाणत्या कारागिराचें. वीज बंद केल्यावरहि त्यांत भार शिल्लक राहतो, म्हणून पेटी घरीं उघडूं नये.

आमच्याकडे तार काढतांच नाद थांबला. अर्थात् वूफर निर्दोष ठरला. मग तार पूर्ववत् जोडून इतर जोडण्या एकेक करून काढल्या. ॲम्प्लिफायरला टी. व्ही. जोडलेला होता आणि टी. व्ही.ला बाहेरून आलेली केबल. ती केबल काढतांच घर शांत झालें! तिचा जमिनीशीं संबंध एका ठिकाणीं आणि आमच्या अर्थिंगचा दुसऱ्या ठिकाणीं. दोहोंच्या विद्युत्पातळींत किंचित् फरक पडला कीं गाण्याच्या तारेच्या आवरणांतून क्षीण प्रवाह वाहूं लागतो व तोच गुणगुणतो. पुष्कळदां सर्व प्लग एकाच बोर्डावर लाविल्यानें हा दोष जातो. आमचा तेवढ्यानें गेला नाहीं. केबलवाल्याकडून त्या तारेवर विलग करणारा जोड बसवून घ्यावा लागला.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पुतण्याला कोणीं तरी युक्ति सांगितली होती कीं, प्लगची वरची जाड पिन काढून टाकावी. तो पक्कड घेऊन बसलाहि होता. त्या युक्तीनें नाद बहुधा थांबतो हें खरें, आणि म्हणूनच ती घातक आहे. ती पिन अर्थिंगची. आंत वीज गळली तर तिला जमिनीकडे वाट तीच देते. ती नसेल तर वीज यंत्राच्या धातूच्या अंगावर येऊन उभी राहते आणि वाट पाहते ती एखाद्या रांगत्या मुलाच्या हाताची. गुणगुण सोसावी, पण ही पिन काढूं नये.

घरघर गेल्यावर पखवाजाच्या थापेसरशीं झणझण ऐकूं येऊं लागली. काचेच्या कपाटाच्या दारावर बोट टेंकतांच ती थांबली. दारांत कापडाची घडी बसविली. मात्र प्रत्येक खालच्या स्वराला खुद्द वूफरच खरखरत असेल, तर त्याचा पडदा वा भोंवतालची कड फाटली आहे असें समजावें. नाद नुसताच घुमत असेल, तर वूफर कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढावा. समोरासमोरच्या भिंतींत सुमारें ११ फूट अंतर असल्यास खोली नेमका ५० आंदोलनांचा स्वरच उचलून धरिते.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पुतण्यानें भजन लाविलें व तो दाराआड उभा राहिला. दादा शेवटपर्यंत बसले. उठतांना एवढेंच म्हणाले, “आज तंबोरा लागला आहे. उद्यां थोडें लवकर लाव.”