मनीचे मागणे

दिवाळीचा पहिला दिवा शहरातल्या घरी वसुबारसेला लागतो आणि गाय-वासराची पूजा होते. आमच्या पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर त्याच दिवशी, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस असते. ज्याच्यापासून गुरांना भय, त्या वाघदेवालाच नैवेद्य दाखवायचा आणि 'बाबा रे, आमच्या गुरांकडे पाहू नकोस' म्हणून विनवायचे, अशी ही शहाणी रीत! गाईची पूजा झाली, वाघाची झाली; राहिली ती वाघाची मावशी. भात आणि नागली घरात येऊन पडली की उंदरांपासून ती राखायचे काम तिचे. पण तिच्या वाट्याला येतात त्या आडवी गेल्याबद्दलच्या शिव्या. म्हणून यंदाच्या दिवाळीतले हे पान मावशीबाईंना.

मांजर पाळणाऱ्या घराला तिचा पंजा ठाऊक असतोच. आपण वर्तमानपत्र उघडावे, तोच बाईसाहेब समोर येऊन बसतात. आधी नुसते पाहणे; मग एक बारीकसे 'म्याँव'; आणि तरीही आपली मान वर झाली नाही, तर गुडघ्यावर एक मऊ पंजा. पुन्हा थांबणे, पुन्हा पंजा. एखाद्या जुन्या कारकुनाने साहेबाच्या टेबलाशी अदबीने खाकरावे, तसा हा प्रकार!

या मऊपणात मौज आहे. मांजर नखे मुद्दाम आवरून धरते असे आपण समजतो. वस्तुस्थिती उलटी आहे. पंजा सैल असला की नखे आपोआप आतच राहतात. ती बाहेर काढायला स्नायू ताणावे लागतात. तेव्हा मागण्याचा हा पंजा म्हणजे तिचा विसाव्यातला पंजा. 'मार्जार' या शब्दात पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाचा 'मृज्' धातू आहे, हे वर्गात सांगितले की मुले हसतात. पण तोंड पुसायचे फडके, उंदीर धरायचा आकडा आणि अर्ज करायचा हात, ही तिन्ही कामे मांजर एकाच पंजाने करते हे खरे.

पंजाचा पहिला उपयोग ती आईपाशी शिकते. डोळे न उघडलेले पिल्लू दूध पिताना दोन्ही पंजांनी आईचे पोट आळीपाळीने दाबते. त्याने दूध सुटायला मदत होते. मोठेपणी तेच मांजर आपल्या मांडीवर किंवा आजींच्या गोधडीवर कणीक मळल्यासारखे पंजे चालवते आणि घुर्र घुर्र करीत डोळे मिटते. तेथे दूध नसते हे तिला कळत नाही असे थोडेच आहे? पण जेथे ऊब आणि विश्वास, तेथे बाळपणची सवय जागी होते.

गुडघ्यावरचा पंजा मात्र ती आपल्याकडून शिकते. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपले मांजरांवरचे प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले. भुकेले मांजर लाकडी पेटीत कोंडायचे, खाणे बाहेर ठेवायचे. आत एक दोरीचा फास असे; तो ओढला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडी, चावे, धडपडे. कधीतरी चुकून पंजा फासाला लागे आणि सुटका होई. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत जाई, आणि अखेर पेटीत घालताच ते सरळ फास ओढी. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती टिकते, असा त्याचा निष्कर्ष.

आता आपल्या घराकडे पाहा. मनीचा पंजा लागला की आपण उठतो. पहाटे चारला गालावर पंजा लागला आणि आपण चरफडत का होईना उठलो, तर उद्याचा चारचा गजर आपणच लावून ठेवला म्हणायचा. फास म्हणजे आपला गुडघा, आणि दार म्हणजे आपण!

पण आपण उठून करतो काय? बशीत दूध ओततो. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. पंजा लावून ती ताटलीकडे धावली, तर ती भुकेली. दाराकडे गेली, तर तिला बाहेर जायचे आहे. पण पंजा लावून ती तेथेच आपल्या तोंडाकडे पाहत बसली, तर तिला बहुधा आपण हवे असतो. (नेहमीचे मांजर एकाएकी फारच मागे लागू लागले किंवा खाईनासे झाले, तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे, हेही सांगून ठेवतो.) तिने मागितले लक्ष आणि आपण दिली वस्तू, असा हा घोटाळा आहे. वस्तू देणे सोपे. ती देऊन पुन्हा वर्तमानपत्रात मान घालता येते.

हा घोटाळा मांजरापुरताच असता तर दिवाळी अंकाचे पान मी अडवले नसते. मुलगा बाबांची बाही ओढतो. बाबा त्याच्या हाती मोबाइल देतात. आजी दोनदा उंबऱ्याशी येऊन 'काय करतोस रे?' असे विचारतात. त्यांना नवे पातळ येते. दिवसभर चकलीच्या सोऱ्याशी झगडणारी गृहिणी म्हणते, 'जरा बसा ना इथे'. तिच्यासाठी नवे मिक्सर. भरलेल्या बशाच या! प्रेमाने भरलेल्या, यात शंका नाही. पण मागणे वेगळे होते.

मनीला संकोच नसतो. दूध नको असले तर ती बशी हुंगते, परत येते आणि दहाव्यांदा पंजा ठेवते. घरातली माणसे दोनदा विचारून थांबतात. आणि ती थांबली की आपण समाधानाने म्हणतो, त्यांना आता काही हवे-नको राहिलेले नाही.