ईर्ष्या मोजावी कशी?

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांतून एका नव्या प्रकारच्या रुग्णांची संख्या वाढली आहे, हे बहुतेक वैद्यबंधूंना व भगिनींना जाणवले असेल. रुग्ण येतो तो अम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल किंवा अरुची घेऊन. नाडी, जिव्हा, कोष्ठ यांची परीक्षा होते, औषध दिले जाते आणि पंधरा दिवसांनी तो तसाच परत येतो. मग सोबत आलेला नातेवाईक हळूच सांगतो, "रात्रभर मोबाइल बघत असते," किंवा "बायकोचा फोन तपासल्याशिवाय याला झोप येत नाही." अशा वेळी आपण रुग्णपत्रकाच्या कोपऱ्यात 'ईर्ष्या' किंवा 'संशय' एवढा एक शब्द लिहून मोकळे होतो. हा शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या परीक्षेने मिळतो, हा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. माझ्या हातून झालेली एक चूक हे त्याचे निमित्त आहे.

झाई हे तलासरी तालुक्यातील समुद्रकाठचे मासेमारीचे गाव. दक्षिणेस डहाणू तालुक्यातील बोर्डी, उत्तरेस लगेच गुजरातची हद्द आणि उंबरगाव. या पट्ट्यातील अनेक पुरुष ओखा, पोरबंदर, वेरावळ अशा गुजरातमधील बंदरांच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळी मासेमारीबंदी उठली की घर सोडावयाचे, ते पुढील बंदीच्या सुमारास परतावयाचे, असा अनेकांचा क्रम असतो. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की मोबाइलचे नेटवर्क सुटते. घरी राहिलेल्या पत्नीने व्हॉट्सअॅपवर पाठविलेल्या निरोपापुढे एकच करडी टिक दिसत राहते. निरोप पोहोचला म्हणजे दोन टिका होतात आणि वाचला गेला की, नोव्हेंबर २०१४ पासून, त्या निळ्या होतात.

या पट्ट्यातील सुमारे तीस वर्षांची एक स्त्री माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री दोन-तीन वेळा जाग. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या हातातून फोन सुटत नाही. नवरा बंदरावर आहे, त्याच्यावर संशय घेते." मी दिवसातून किती वेळा फोन पाहतेस, असे विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "मोजलं नाही. तीस-चाळीस वेळा असेल." मी रुग्णपत्रकावर 'ईर्ष्या' लिहिले, अविपत्तिकर चूर्ण दिले आणि रात्री फोन सासूबाईंच्या खोलीत ठेवण्यास सांगितले. आठ दिवसांनी ती अधिक क्षीण होऊन आली. तेव्हा सासूबाई सोबत नव्हत्या. फोन पुढे करून ती म्हणाली, "डॉक्टर, अजून एकच टिक आहे. सतरा दिवस झाले. बोट पलीकडच्यांनी धरली नसेल ना?"

'पलीकडचे' म्हणजे पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा. जलसीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले गेलेले खलाशी महिनोन् महिने, काही वेळा कित्येक वर्षे, तेथील तुरुंगात राहतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. या किनाऱ्यावरील घरांना त्या तारखांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्या स्त्रीला मी ईर्ष्येची रुग्ण ठरविले होते, ती आपला नवरा जिवंत आहे की नाही हे पाहत होती. रात्री फोन काढून घेण्याचा माझा उपाय म्हणजे तिच्या हातातील एकमेव धागा तोडणे होते. दोन दिवसांनी बोट बंदराला लागली, दोन टिका झाल्या आणि त्या रात्री ती झोपली, हे तिनेच नंतर येऊन सांगितले.

माझी चूक कोठे झाली? मी संख्या मोजली, पण त्या संख्येमागील भाव तपासला नाही. ही चूक केवळ माझी नाही. मानसशास्त्रात ईर्ष्या मोजण्याच्या अनेक प्रश्नावल्या आहेत. फायफर व वाँग या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी मोजपट्टीत चोवीस विधाने असून ती विचार, भावना व वर्तन अशा तीन भागांत प्रत्येकी आठ विभागलेली आहेत. जोडीदाराचे खण, पिशवी, खिसे चाचपणे हे तेथे वर्तनाच्या भागात येते. त्या काळी खिसे होते. आज मोबाइल आहे. पुढे २००९ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या म्यूझ, क्रिस्टोफिडीस व देमारे या संशोधकांनी फेसबुकमुळे उद्भवणाऱ्या ईर्ष्येसाठी सत्तावीस विधानांची स्वतंत्र मोजपट्टी तयार केली. ३०८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीत फेसबुकवर अधिक वेळ घालविणारांत ईर्ष्या अधिक आढळली. संदिग्ध माहिती दिसते, तिने संशय येतो, संशयाने माणूस पुन्हा पाहावयास जातो आणि आणखी संदिग्ध माहिती मिळते, असे चक्र त्यांनी सुचविले.

हे चक्र खरे वाटते. आपल्याही रुग्णांत ते दिसते. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि 'शेवटचे केव्हा पाहिले' ही नोंद घराघरांत भांडणाचे कारण झाली. परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक म्हणजे, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीने दुसरी उत्पन्न केली असे सिद्ध होत नाही. संशयी माणूसच अधिक वेळ पाहत बसला असेल. दुसरे म्हणजे, ती मोजपट्टी ज्या विद्यार्थ्यांवर बेतली, त्यांचा जोडीदार बहुधा त्याच आवारात किंवा एका फोनच्या अंतरावर होता. आठवडेच्या आठवडे समुद्रात असलेल्या खलाशाच्या घरी तीच पट्टी लावली, तर ती काळजीलाही ईर्ष्येचेच गुण देईल.

मग आपल्या शास्त्रात काय आहे? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात मानस व्याधींची गणना करताना ईर्ष्या, अभ्यसूया व मात्सर्य ही तीन नावे वेगवेगळी दिली आहेत. आपण मात्र व्यवहारात तिन्हींना एकाच 'मत्सरा'त कोंबतो. चरकसंहितेतील 'नवेगान्धारणीय' अध्यायात धारण करावयाच्या मनोवेगांत ईर्ष्येचा समावेश आहे. म्हणजे हा वेग कोणाच्याही मनात उठू शकतो. त्याच्या आहारी जाणे न जाणे महत्त्वाचे. आणि सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे की ईर्ष्या, भय व क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसाने खाल्लेले अन्न नीट पचत नाही. मराठी माणूस दुसऱ्याचे बरे पाहून 'जळतो' आणि त्याच्या 'पोटात दुखते', असे आपण सहज म्हणतो. चिकित्सालयात ते शब्दशः खरे ठरते. मात्र येथे ईर्ष्येशेजारीच भय आहे, हे ध्यानात घ्यावे. माझ्या रुग्णेचे अम्लपित्त भयाचे होते. लक्षण एकच, हेतू निराळा, म्हणून उपायही निराळा हवा होता.

मोजण्याच्या दृष्टीने चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथा अध्याय अधिक उपयोगी आहे. मनातील भाव अनुमानाने कसे ओळखावेत हे तेथे सांगितले आहे: क्रोध दुसऱ्यास पीडा देण्याच्या वृत्तीवरून, शोक दैन्यावरून, भय विषादावरून. त्या यादीत ईर्ष्या स्वतंत्रपणे येत नाही. परंतु पद्धत स्पष्ट आहे. भाव किती वेळा उठला हे न मोजता, तो माणसाकडून काय करवितो हे पाहावयाचे. त्याच स्थानातील आठव्या अध्यायात सत्त्वाचे प्रवर, मध्यम व अवर असे तीन स्तर केले आहेत. तेव्हा 'प्रश्नावली हे पाश्चात्त्यांचे खूळ' असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांनाही स्तर ठरविण्याचा विरोध करण्याचे कारण नाही.

या आधारावर मी अलीकडे रुग्णपत्रकात पाच नोंदी करू लागलो आहे.

पहिली: फोन पाहण्यापूर्वी कशाची भीती वाटते? अपघाताची, पैसे न येण्याची, की तिसऱ्या व्यक्तीची? उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहावे आणि रुग्ण एकटा असताना विचारावे.

दुसरी: पाहिल्यावर मन किती वेळ निवते? रात्रभर, तासभर, की मुळीच नाही?

तिसरी: आहार व निद्रा यांवर परिणाम किती? जेवताना फोन समोर असतो काय?

चौथी: जोडीदारावर कोणती बंधने घातली जातात? परवलीचा शब्द मागणे, माहेरी वा कामावर जाण्यास मनाई, मारहाण?

पाचवी: शंका खोटी ठरल्यावर ती सुटते, की नवा पुरावा शोधते?

दुसरी ते पाचवी या चार नोंदींना अल्प, मध्यम, तीव्र असा स्तर द्यावा; पहिलीला स्तर नाही, कारण ती भावाचा प्रकार ठरविते. बेरीज करू नये. ही प्रमाणित मोजपट्टी नव्हे आणि शोधनिबंधात वापरण्याजोगीही नव्हे. तिचा उपयोग एवढाच की त्याच रुग्णाची पंधरा दिवसांनी त्याच्या स्वतःशी तुलना करता येते. माझ्या मते या पाचांत दुसरी व पाचवी या सर्वांत महत्त्वाच्या. काळजी उत्तर मिळाले की शमते. ईर्ष्येला उत्तर मिळाले की ती दुसरा प्रश्न विचारते.

याचे उदाहरण म्हणजे उंबरगावच्या कारखान्यात पाळीने काम करणारा एक रुग्ण. तो पत्नीचा फोन दिवसातून फार तर चार वेळा पाही. संख्येने पाहिल्यास तो पहिल्या रुग्णेच्या दशांशच. परंतु काही सापडले नाही की तो म्हणे, "पुसून टाकलं असेल." पत्नीने नोंद लपविण्याची सोय वापरली तो एक पुरावा, न वापरली तर दुसरा. तिने रांधलेले अन्न तो खाईना, आणि मद्यपानही वाढले होते. मद्यासक्तीच्या सोबतीने अशी अढळ समजूत आढळते हे आधुनिक मानसरोगशास्त्रासही परिचित आहे. अशा रुग्णास आपण एकट्याने हाताळू नये. मी त्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविले आणि पत्नीशी स्वतंत्रपणे बोलून तिला १८१ हा महिला मदत क्रमांक व २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची माहिती दिली. पाचवी नोंद तीव्र असेल, किंवा चौथीत मारहाण असेल, तर बाकीच्या नोंदी कितीही अल्प असोत, हाच मार्ग धरावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर लावण्यास खर्च येत नाही.

उरलेल्या, म्हणजे अल्प व मध्यम ईर्ष्येच्या रुग्णांत सत्त्वावजयास वाव आहे. ईर्ष्यादी भावांचे शमन त्यांच्या विरोधी भावांनी करावे, असे चरकांनी उन्मादचिकित्सेत सांगितले आहे. निदानपरिवर्जन म्हणून 'फोन फेकून द्या' असे सांगणारे काही सहकारी आहेत. त्यांना माझी विनंती की ज्या घरी पगाराची, वादळाच्या इशाऱ्याची व खुशालीची वार्ता त्याच यंत्रावर येते, तेथे हा सल्ला निरुपयोगी व प्रसंगी निर्दय ठरतो. इंद्रियार्थाचा अतियोग टाळणे म्हणजे त्याचा अयोग करणे नव्हे. पतिपत्नींनी मिळून बोलण्याची वेळ ठरवावी, जेवताना व निजताना फोन दूर ठेवावा, आणि एकमेकांचा फोन न विचारता उघडू नये, एवढे तीन नियम पुष्कळ घरी पुरे पडतात.

औषधी दुकानदार बंधूंसही दोन शब्द. झोपेसाठी दर आठवड्यास काही ना काही नेणारे गिऱ्हाईक, किंवा 'जेवणात कालवून देता येईल, कळणार नाही असे काही आहे का' असे विचारणारे गिऱ्हाईक तुमच्याकडे आमच्या आधी येते. पहिल्यास वैद्याकडे पाठवावे. दुसऱ्यास नकार द्यावा. कोणासही नकळत औषध देणे हा उपचार नव्हे. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांचे स्थान निर्विवाद आहे, पण संशय घालविणारी गोळी म्हणून त्यांची विक्री करणे शास्त्रास धरून नाही. वशीकरणाच्या ताईत-चूर्णांच्या जाहिराती दुकानात लावू देऊ नयेत. १९५४ चा जादूचे उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा अशाच प्रकारांसाठी आहे.

त्या पहिल्या रुग्णेच्या पत्रकावर मी लिहिलेला 'ईर्ष्या' हा शब्द खोडून शेजारी 'भय' लिहिले आहे. पत्रक तसेच जपून ठेवले आहे. आपल्या संघटनेच्या सभासदांनी वरील पाच नोंदी आपापल्या रुग्णांत करून पाहाव्यात, त्यांतील उणिवा कळवाव्यात आणि पुढील एखाद्या अंकात त्यांवर चर्चा व्हावी, ही विनंती. तोवर एवढे तरी करावे: रुग्ण फोन किती वेळा पाहतो हे विचारण्याआधी, तो काय शोधतो हे विचारावे.